थोरल्यांच्या डोक्यावरची गळती

आमची गाडी गळते हे किर्गिझस्तानातल्या आमच्या आत-बाशीच्या खोऱ्यात मेंढपाळांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. माहीत नव्हतं ते एकट्या माझ्या थोरल्या दिरांना. त्यांना ते कळू नये म्हणून या जूनमध्ये मी जो उपद्व्याप केला, तो माझ्या म्हाताऱ्याने, म्हणजे नवऱ्याने, खोऱ्यात तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगून टाकते.

गाडी म्हणजे जुनी सरकारी रुग्णवाहिका. या जातीच्या गाड्यांना आमच्याकडे सगळे 'पाव' म्हणतात, कारण आकारच तसा गुबगुबीत. माझ्या म्हाताऱ्याने दोन गाभण मेंढ्या देऊन ती घेतली, त्याला पंधरा वर्षं झाली. हिवाळा आम्ही आत-बाशीत भाड्याच्या खोलीत काढतो. एप्रिल संपला की मधमाश्यांच्या चाळीस पेट्या घेऊन वर येतो, त्या गवतात मांडतो आणि आम्ही दोघं पावात राहतो ते थेट सप्टेंबर संपेपर्यंत. आत एक शेगडी, गाद्यांची चवड, भिंतीवर माझ्या आईने भरलेला पडदा, आणि झोपल्यावर म्हाताऱ्याचे पाय दाराला टेकतील एवढी जागा. माणसाला याहून जास्त जागा कशाला लागते ते मला अजून कळलेलं नाही.

आता गळती. या गाडीचा खोडसाळपणा असा की पाणी शिरतं एकीकडून आणि पडतं भलतीकडेच. पुढच्या काचेवरची पन्हळ फुटली तेव्हा थेंब मागच्या दाराशी पडत होता, आणि म्हातारा दोन वर्षं मागचं दार दुरुस्त करत होता. आम्ही डांबर फासलं. सायकलची ट्यूब कापून चिकटवली. एका वर्षी म्हाताऱ्याने अख्ख्या छताला तेलाचा रंग दिला, तर पाणी यायचं थांबलं नाहीच, फक्त निळं झालं. सगळ्यात वाईट जागा छताच्या मधोमध आहे. रुग्णवाहिकेचा पंखा होता तिथे आता स्क्रूने बसवलेलं पत्र्याचं झाकण आहे, आणि ते बरोबर तोरच्या डोक्यावर येतं.

तोर म्हणजे दारासमोरची मानाची जागा. घर असो, तंबू असो नाहीतर पाव असो, वयाने मोठा माणूस तिथेच बसतो. त्याला दुसरीकडे बसवणं म्हणजे चारचौघांत त्याची टोपी उडवण्यासारखं आहे. एरवी तिथे आम्ही पातेलं ठेवतो.

थोरले, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांचं नाव मी घेत नाही, काइनागा म्हणते, म्हणजे थोरले दीर. थोरल्या दिराचं नाव घेणारी सून आमच्याकडे अजून जन्मायची आहे. तीस वर्षं शाळेत हेडमास्तर होते. बायको गेली, मुलगा मॉस्कोला गेला, आणि आता खाली नारिन शहरात सात खोल्यांच्या घरात ते एकटे राहतात. दर वसंतात त्यांचा फोन येतो की खाली या, दोन खोल्या तुमच्यासाठी झाडून ठेवल्यात. म्हातारा दर वेळी "हो बाइके" म्हणतो, बाइके म्हणजे दादा, आणि मोठ्या भावाला हो सोडून दुसरं काही म्हणायची त्याला सवयच नाही, आणि मग सबब काढतो. एका वर्षी राणीमाशी आजारी होती, एका वर्षी चाक निखळलं होतं, आणि एका वर्षी माझा गुडघा गेला होता, जो त्या वर्षी ठणठणीत होता.

या वर्षी त्यांनी सरळच विचारलं.

"तोक्तोन, खरं सांग. ती गाडी गळते ना?"

"छे, बाइके. तंदूरसारखी कोरडी आहे."

"मग मी येऊन बघतो. एक थेंब जरी दिसला तरी शरदात पेट्या विकायच्या, गाडी भंगारात द्यायची आणि दोघांनी कायमचं माझ्याकडे यायचं. नाही दिसला, तर जन्मात पुन्हा हा विषय काढणार नाही."

"हो बाइके," म्हातारा म्हणाला आणि फोन ठेवून माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच काहीतरी कबूल करून बसले होते.

थोरल्यांचा शब्द म्हणजे शब्द, दोन्ही बाजूंनी. ते रविवारी येणार होते. शनिवारी सकाळी मी पेट्या बघत होते, तेव्हा माझं डोकं चाललं. माश्या झाडांचा चीक गोळा करून त्याचा तपकिरी डिंक करतात आणि पेटीतली फट न् फट बुजवतात. पाऊस पडो, बर्फ पडो, त्यांच्या घरात थेंब जात नाही. आणि आम्ही शहाणे पंधरा वर्षं डांबर फासतोय.

तीन वर्षांचा डिंक माझ्याकडे डब्यात साठवलेला होता. शेगडीवर पातळ केला, तर निम्म्या छतालासुद्धा पुरेना. मग मी मध काढून झालेली जुनी पोळी वितळवून त्यात घातली.

"त्यात मध राहिलाय अजून," म्हातारा म्हणाला.

"एवढ्यातेवढ्याने काय होतंय," मी म्हणाले. हे वाक्य मला पुढे बरेच दिवस ऐकावं लागणार होतं.

सगळ्या पन्हळीला, खिडक्यांना आणि झाकणाच्या प्रत्येक स्क्रूला मी ते मिश्रण चोपडलं. गार झाल्यावर म्हाताऱ्याने ओढ्याचं पाणी आणून वर ओतलं, एक नाही, सात बादल्या. मी आत तोरवर तोंड वर करून पडले होते. एक थेंब नाही. त्या दिवशी संध्याकाळी म्हाताऱ्याने मला दोनदा 'हुशार' म्हटलं, जे लग्नापासून आतापर्यंत एकूण चार वेळा झालं असेल.

रविवारी मरणाचं ऊन पडलं. मी आत बोर्सोक तळायला कणीक मळत होते. बाहेरून म्हाताऱ्याची हाक आली.

"म्हातारे, जरा बाहेर ये."

"हात पिठात आहेत."

"पिठासकट ये."

मी बाहेर आले, शिडीवर चढले. छत दिसतच नव्हतं. चाळीस पेट्यांतल्या माश्या छतावर उतरल्या होत्या. उन्हाने पत्रा तापला होता, माझं मिश्रण लोण्यासारखं मऊ झालं होतं, आणि मधाच्या वासावर त्या पन्हळ कुरतडत होत्या. ज्यांना मध मिळाला नाही त्या डिंकाचे गोळे पायांना लावून घरी नेत होत्या. झाकणाचे निम्मे स्क्रू उघडे पडले होते.

"एवढ्यातेवढ्याने काय होतंय," म्हातारा म्हणाला. हा माणूस टोमणा मारायला वर्षानुवर्षं घेतो, पण मारतो तेव्हा बरोबर बसतो.

मी उलट बोलणार होते, पण तेवढ्यात दोन गोष्टी एकदम दिसल्या. खाली रस्त्यावर थोरल्यांच्या पांढऱ्या गाडीची धूळ उठली होती, आणि वर डोंगराच्या पलीकडून काळा ढग चढत होता. जूनमध्ये आमच्याकडे दुपारचा पाऊस असा सांगूनसवरूनच येतो.

"सांगून टाकू का त्यांना?" म्हातारा म्हणाला.

"तुम्ही फक्त दाराशी बसा आणि हो बाइके म्हणा. बाकी माझ्यावर सोडा."

पाण्याला दोरी दाखवली की ते मुकाट दोरीवरून चालतं, हे या गाडीनेच मला शिकवलंय. मी लोकरीचा जाड धागा घेतला, त्याचं एक टोक झाकणाच्या गळक्या स्क्रूला बांधलं, धागा छताला लागून उतरता भिंतीपर्यंत नेला आणि आईच्या पडद्यामागून खाली बादलीत सोडला. बादलीत लोकरीचा तुकडा घातला, म्हणजे टपटप ऐकू येऊ नये. छताच्या रंगावर तो धागा नीट बघितला तरच दिसत होता.

ढगाने ऊन झाकलं तशा छतावरच्या माश्या पेट्यांकडे पळाल्या, आणि थोरले उतरले. उंच पांढरी कल्पाक टोपी, काळा कोट, बगलेत माझ्यासाठी आणलेलं चहाचं पुडकं. मी वाकून सलाम केला आणि लगेच म्हणाले, "काइनागा, हवा किती सुंदर आहे. बाहेर गवतातच बसू या ना. जाजम घालते."

त्यांनी वर बघितलं. "केलिन, वीज चमकतेय." साठी जवळ आली तरी मी त्यांच्यासाठी केलिनच, घरची सून.

"ती पलीकडच्या खोऱ्यात आहे."

डोक्यावर कडाड्कन आवाज झाला.

"आता या खोऱ्यात आली," थोरले म्हणाले आणि आत शिरले.

आत त्यांनी शाळेची तपासणी करावी तशी गाडी तपासली. छताच्या जोडावरून बोट फिरवलं. खिडकीचं रबर दाबून बघितलं. मग बोट नाकाशी नेलं.

"छताला मधाचा वास कसा येतोय?"

"मध काढतो ना, बाइके," म्हातारा म्हणाला. इतकं चांगलं उत्तर त्याला कुठून सुचलं, मला माहीत नाही.

थोरले तोरवर बसले, बरोबर झाकणाखाली. मी बोर्सोक आणि साय पुढे ठेवली आणि चहा ओतला. मानाच्या पाहुण्याला आम्ही चहा प्याल्याच्या तळाशीच ओततो, दोन घोट. ते संपले की पुन्हा दोन घोट. याचा अर्थ, तुम्ही निवांत बसा, मी ओतायला आहे. काठोकाठ भरलेला प्याला पुढे केला तर त्याचा अर्थ एकच होतो, की एवढा घ्या आणि निघा. असं तोंडाने कुणी म्हणत नाही, म्हणायची गरजही पडत नाही.

पाऊस आला आणि पाठोपाठ गारा. पत्र्यावर असा दणदणाट सुरू झाला की एकमेकांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागत होतं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून धाग्याकडे बघत होते. स्क्रूशी थेंब धरत होता, धाग्यावर चढत होता आणि गुमान घसरत पडद्यामागे जात होता. मला इतका आनंद झाला की मी विनाकारण म्हाताऱ्याला जास्तीची साय वाढली.

थोरल्यांना महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते डोळे मिटतात. हेडमास्तर असल्यापासूनची सवय. त्यांनी डोळे मिटले आणि घराबद्दल सुरू केलं. गरम पाण्याचा बंब कसा आहे, खालच्या दोन खोल्यांत सकाळचं ऊन कसं येतं, जर्दाळूची झाडं किती धरतात. बोलता बोलता त्यांनी पाठ भिंतीला टेकली. त्यांच्या खांद्याने पडदा ओढला, पडद्याने धागा ओढला, आणि तो मध्येच लोंबला. लोंबला तो नेमका त्यांच्या प्याल्यावर.

पहिला थेंब पडला. दुसरा पडला. मग ते सावकाशपणाचं नाटकसुद्धा पाण्याने सोडलं आणि बारीक धारच लागली. गारांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. म्हातारा खोकायला लागला. खोकला, मग गारांचं कौतुक केलं, मग पुन्हा खोकला. थोरले डोळे मिटून तळघरातल्या बटाट्यांपर्यंत पोचले होते. प्याला निम्मा झाला. तळाशी दोन घोट चहा होता तो पाऊण प्याला झाला.

प्याला नुसता उचलून घेणं शक्य नव्हतं. पाहुण्यासमोरचा न संपलेला प्याला कोण उचलतं? मी ठरवलं की चहा ओतायच्या मिषाने प्याला हातात घ्यायचा आणि मागे रिकामा करायचा. चहाची किटली उचलली, गुडघ्यांवर पुढे सरकले, हात लांब केला. आणि थोरल्यांनी डोळे उघडले.

समोर काठोकाठ भरलेला प्याला. त्यावर माझ्या हातातली किटली.

त्यांनी प्याल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वर बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. कशाला येईल? अख्ख्या किर्गिझस्तानात भरलेल्या प्याल्याचा अर्थ शोधायला कुणी छताकडे बघत नाही. त्यांनी प्याला उचलला, एक थेंब न सांडता शेवटपर्यंत प्यायला, आणि पालथा घातला.

"तोक्तोन," ते उठत म्हणाले, "तुझी गाडी कोरडी आहे. मी शब्द पाळतो. पुन्हा विचारणार नाही." आणि बाहेर गेले.

म्हातारा माझ्या कानाशी आला. "म्हातारे, गप्प राहा. जिंकलो आपण."

खोटं कशाला सांगू, मला आधी आनंदच झाला. पाव वाचला, पेट्या वाचल्या, आता मरेपर्यंत कुणी खाली बोलावणार नाही. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि ते तर सुनेला पहिल्या दिवसापासून शिकवलेलंच असतं.

गारा थांबल्या होत्या, पाऊस चालू होता. थोरले दाराबाहेर बूट घालत होते. त्यांच्या पाठीचा त्रास मला माहीत आहे, त्यांना वाकता येत नाही. एरवी मी बूट पुढे करून देते. आज त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, एक पाय बुटात घालून दुसऱ्यासाठी गाडीला धरून चाचपडत होते. ज्या हिवाळ्यात दुकानांतून पीठ नाहीसं झालं होतं, त्या हिवाळ्यात हा माणूस पाठीवर पोतं घेऊन बर्फातून आमच्या दारात आला होता. मी पुढे केलेल्या भाकरीला त्याने हात लावला नव्हता, आपण जेवून आलोय म्हणाला होता. जेवून आला नव्हता. मला माझी इतकी लाज वाटली की मी अनवाणीच चिखलात उतरले.

"काइनागा, थांबा."

सुनेने थोरल्या दिराला थांबवायचं नसतं. ते थांबले, बहुतेक आश्चर्यानेच.

"तो प्याला मी नाही भरला. छताने भरला."

"म्हणजे?"

"गळतं. स्क्रूतून गळतं, पन्हळीतून गळतं, खिडकीतून गळतं. तुमच्या डोक्यावर दोरी बांधली होती मी."

"खिडकीतून आता फारसं नाही गळत, बाइके," म्हातारा दारातून म्हणाला.

थोरल्यांनी आता कुठे मान वर करून छताकडे बघितलं. त्यांच्या टोपीच्या कडेवरून पाणी ओघळत होतं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "भरून दिला तो दिला, वर चहाही पाण्यासारखा केला."

"पाणीच होतं ते. दोन घोट सोडून."

"थेंब दिसला तर खाली यायचं, असं ठरलंय. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. म्हणून तर दोरी बांधली." आता तोंड उघडलंच होतं, तर मी ते मिटलं नाही. "पण तुम्ही माझ्या दारातून अपमान घेऊन गेला असतात तर कोरड्यातसुद्धा मला घास गेला नसता. आणि आता खरंच सांगते. प्याला मी भरला नाही, पण माझ्यात हिंमत असती तर भरला असता. आम्हाला खाली यायचं नाही, काइनागा. सात खोल्या मला नकोत. ही गाडी गळते, रडते, वासही मारते, आणि मला ती आवडते."

"आवडते?" ते म्हणाले. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलंय की आपणच चुकलोय असं बघत होते. "पंधरा वर्षं हे कुणी सांगितलं नाही मला. राणीमाशी आजारी, चाक, गुडघा. मला वाटायचं, तुमचे हाल चाललेत आणि सांगायची लाज वाटतेय. नारिनला पाऊस आला की मी खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. म्हणतो, ते दोघं आता भिजत असतील."

आत्ता मात्र ते भिजत होते, मी भिजत होते, आणि म्हातारा तेवढा दारात कोरडा उभा होता.

"आत जाऊ या," शेवटी थोरलेच म्हणाले. "इथे तर मुळातच छत नाही."

आत मी त्यांना शेगडीजवळ बसा म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. तोर आहे तिथेच आहे, म्हणाले, आणि डोक्यावर कल्पाक तशीच ठेवून त्या थेंबाखाली जाऊन बसले. थेंब टोपीवर पडायचा, ते बोर्सोक खायचे. पाऊस उघडेपर्यंत त्यांनी नऊ प्याले चहा घेतला, दोन दोन घोट. म्हाताऱ्याने माश्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ते इतके हसले की पडदा पुन्हा निसटला. त्यांना असं हसताना मी त्यांची बायको गेल्यापासून बघितलं नव्हतं.

निघताना बूट मी पुढे केले. एक पाय आत घालून ते थांबले.

"शब्द दिलाय, तो पाळावा लागेल. थेंब दिसला आहे. सप्टेंबरच्या शेवटी मी तुम्हाला न्यायला येईन. पण येऊन आधी विचारेन. तोक्तोनला नाही, तो हो म्हणतो. तुला विचारेन, केलिन. आज तू घाईत बोललीस, पावसात बोललीस. तेव्हा समोर बघून, सबब न काढता, एका शब्दात सांगायचं. जे सांगशील ते मला मान्य."

"परीक्षाच आहे ही," म्हातारा म्हणाला.

"आहेच," थोरले म्हणाले.

तेव्हापासून मी तयारी करतेय. सकाळी पेट्यांना धूर देताना म्हणते, नाही, काइनागा. कणीक मळताना म्हणते. म्हाताऱ्याने चहा झाला का विचारलं की त्यालाही नाही म्हणते, सराव म्हणून, आणि तो बिचारा तासभर वाट बघतो. छताला आता आम्ही दुकानातला चिकट पट्टा लावलाय. माश्यांना तो आवडत नाही.

उन्हात माझं उत्तर अगदी स्वच्छ येतं. घोळ होतो तो पाऊस आला की. आधी पाऊस आला की मी छताकडे बघायचे. हल्ली मला नारिनची ती खिडकी दिसते, आणि तिच्यात उभा असलेला तो माणूस. मग 'नाही' निम्मंच बाहेर येतं. म्हातारा दाराशी बसून माझी परीक्षा घेतो.

"पुन्हा म्हण," तो म्हणतो. "मागच्या बाकाला ऐकू आलं नाही."